प्रस्तरारोहणाचीं साधनें आणि त्यांचा इतिहास

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



गेल्या महिन्यांतील एका रविवारीं माझा एक भाचा हातांत कागद घेऊन माझ्याकडे आला. कॉलेजांतील मित्रांबरोबर त्यानें सह्याद्रींतील पांचसहा किल्ले पायीं पाहिले आहेत, आणि आतां दोर लावून कातळाचे उभे कडे चढावयास शिकावें असें त्याच्या मनानें घेतलें आहे. कागदावर त्यानें एका दुकानांतील वस्तूंची यादी उतरून आणली होती. दोर, हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर, चढाईचे बूट, ठोकावयाचे खिळे, फटींत बसवावयाच्या पाचरी, असें बरेंच कांहीं तींत होतें. प्रत्येक वस्तूपुढें किंमत होती, आणि तळाशीं केलेली बेरीज पाहून माझी बहीण दोन दिवस त्याच्याशीं धड बोलली नव्हती. तो म्हणाला, "मामा, एवढे पैसे एकदम जमणें शक्य नाहीं. यांतलें अगोदर काय घेऊं आणि मागाहून काय घेऊं, एवढें तुम्ही सांगा."

प्रश्न व्यवहाराचा होता. पण त्याचें उत्तर किमतीच्या आंकड्यांत सांपडण्यासारखें नव्हतें. त्या यादींतील बहुतेक वस्तू कोणाच्या तरी अपघातांतून, नाहीं तर कोणाच्या तरी हट्टांतून जन्माला आलेल्या आहेत. अमुक वस्तु कशासाठीं निघाली हें ज्यास ठाऊक झालें, त्याला ती केव्हां घ्यावी हें फारसें विचारावें लागत नाहीं. म्हणून मीं त्याला यादी बाजूस ठेवावयास लावलें आणि तिचा इतिहास सांगितला. तोच आज आपणांस सांगणार आहें.

आपल्याकडे कडा आणि दोर हे दोन शब्द एकत्र आले कीं सिंहगडाची आठवण व्हावयाचीच. ४ फेब्रुवारी १६७० रोजीं तानाजी मालुसऱ्यांनीं तो गड घेतला. घोरपडीच्या कमरेला दोर बांधून तिला कड्यावर चढविलें, ही कथा इतिहासाच्या अभ्यासकांनीं लोककथेंत जमा केली आहे. मावळे दोराच्या साहाय्यानें कडा चढले असावेत, इतकेंच ते मानतात. परंतु ती कथा रचणाऱ्याला खरा प्रश्न कळला होता, हें कबूल केलें पाहिजे. दोर हातांत आला तरी त्याचें वरचें टोंक कशाला धरलेलें आहे, हा तो प्रश्न होय. प्रस्तरारोहणाच्या साधनांचा पुढचा सर्व इतिहास म्हणजे या एका प्रश्नाला दिलेलीं निरनिराळीं उत्तरें आहेत.

केवळ हौसेखातर डोंगर चढण्याची चाल युरोपांत एकोणिसाव्या शतकांत रूढ झाली. १८५७ सालीं लंडनमध्यें आल्पाइन क्लबाची स्थापना झाली. त्या काळच्या गिर्यारोहकाजवळ तळाला खिळे मारलेले जाड बूट, लांब काठी किंवा बर्फाची कुऱ्हाड, आणि वाखाच्या दोराचें एक वेटोळें, एवढाच सरंजाम असे. सर्वांनीं एकच दोर कमरेभोंवतीं बांधून एकामागून एक चालावें अशी रीत होती. दोर कोणता चांगला, हें मात्र ज्याचें त्यानें ठरवावयाचें. म्हणून क्लबानें एक समिती नेमली. तिनें नाना तऱ्हेचे दोर आणविले, त्यांना वजनें बांधून तीं उंचावरून खालीं सोडलीं, आणि कोणता दोर तुटतो व कोणता टिकतो हें पाहून १८६४ सालीं आपला अहवाल दिला. क्लबाच्या पसंतीस उतरलेल्या दोरांत पुढें ओळखीसाठीं एक तांबडा धागा घातलेला असे. नावाड्याच्या दोराहून निराळा, खास गिर्यारोहकाचा असा दोर या खटपटींतून निघाला.

आतां पुढच्याच वर्षीं काय घडलें तें पाहा. आल्प्स पर्वतांतील मॅटरहॉर्न हें ४,४७८ मीटर उंचीचें शिखर तोंवर कोणाला साधलें नव्हतें. १४ जुलै १८६५ रोजीं सात असामी त्याच्या माथ्यावर पोंचले. त्यांचा पुढारी एडवर्ड व्हिंपर हा लांकडावर चित्रें कोरण्याचा धंदा करणारा पंचवीस वर्षांचा इंग्रज होता. त्याच्याबरोबर चार्ल्स हडसन हा पाद्री, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस हा अठरा वर्षांचा तरुण, डग्लस हॅडो हा एकोणीस वर्षांचा नवशिका, मिशेल क्रो हा नामांकित वाटाड्या, आणि झेरमाट गांवचे टाउगवाल्डर बापलेक हे दोन वाटाडे होते. उतरतांना क्रो सर्वांत पुढें व त्याच्यामागें हॅडो होता. हॅडोच्या पायांचा इतका थोडा भरंवसा होता कीं, क्रो आपली कुऱ्हाड बाजूस ठेवून त्याचीं पाउलें स्वतःच्या हातांनीं एकेक करून खडकावर बसवून देत होता. इतक्यांत हॅडो घसरला व क्रोवर आदळला. त्या दोघांच्या हिसक्यानें हडसन ओढला गेला आणि त्याच्यामागून डग्लस. वरच्या तिघांनीं पाय रोवून धक्का सोसण्याची शिकस्त केली. पण थोरला टाउगवाल्डर आणि डग्लस यांच्यामधला दोर तटकन् तुटला. चौघेजण सुमारें चार हजार फूट खालीं हिमनदीवर जाऊन पडले. डग्लसचा देह पुढें कधींच मिळाला नाहीं.

दोर कापला, अशी कुजबूज झेरमाटमध्यें सुरू झाली. चौकशी झाली, टाउगवाल्डर निर्दोष ठरला. तरी तो संशय बिचाऱ्याला जन्मभर चिकटून राहिला. खरी हकीकत व्हिंपरनें स्वतःच लिहून ठेविली आहे. त्या मंडळीजवळ तीन प्रकारचे दोर होते. त्यांतील दोन चांगले मजबूत होते. तिसरा जुना व सर्वांत कमकुवत असून, खडकाला बांधून मागें सोडून देण्याची पाळी आली तर असावा, म्हणून घेतलेला होता. माणसांच्या मध्यें नेमका तोच बांधला गेला. मजबूत दोर जवळ असूनहि त्याचा उपयोग झाला नाहीं. मीं भाच्याला म्हटलें, "तुझ्या यादींत नसलेली पहिली गोष्ट ही. वस्तु पिशवींत असणें निराळें, आणि ती योग्य ठिकाणीं लावलेली आहे कीं नाहीं हें पाहण्याची नजर असणें निराळें. दुसरी गोष्ट हॅडोची. ज्याच्या पायांना खडकाची ओळख नाहीं, त्याला दोर बांधल्यानें तो सुरक्षित होत नाहीं; उलट बाकीचे असुरक्षित होतात."

पायांचा विषय निघाला आहे, तर बुटांकडे वळूं. तळाला खिळे मारलेले बूट अनेक वर्षें चालले. जिनेव्हाच्या फेलिक्स जेनकां या कारागिरानें विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत दांतेरी कडांचे कठीण पोलादी खिळे काढले. ते 'ट्रिकूनी' या त्याच्या टोपणनांवानें प्रसिद्ध झाले. तथापि ओल्या गवतावर व बर्फावर हे खिळे जितके उपयोगी, तितके गुळगुळीत कातळावर नसत. म्हणून अवघड खडक आला कीं आरोहक जाड बूट खालीं ठेवून, मऊ तळाचीं पातळ पादत्राणें घालीत. १९३५ सालीं इटलीच्या सीमेवरील पुंटा राझिका शिखरावर विताले ब्रामानी याच्या मंडळींनीं असेंच केलें. अचानक वादळ आलें, बर्फ पडूं लागलें, आणि त्या मऊ पादत्राणांनिशीं परत फिरणें अशक्य झालें. ब्रामानीचे सहा सोबती थंडीनें मृत्यु पावले. तेव्हां खडक व बर्फ या दोहोंवर चालेल असा तळ करावयाचा, हा ध्यास ब्रामानीनें घेतला, आणि १९३७ सालीं खोल खांचांच्या रबरी तळाचें पेटंट मिळविलें. त्याच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून झालेलें 'व्हिब्रम' हें नांव आज घाटवाटा तुडविणाऱ्या कित्येकांच्या बुटाखालीं सांपडेल.

त्याच सुमारास पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या अरण्यांत पियेर आलँ व त्याचे मित्र रेतीच्या दगडाच्या मोठमोठ्या धोंड्यांवर चढण्याचा सराव करीत असत. आलँनें खांचा नसलेल्या सपाट रबरी तळाचा, पायाला घट्ट बसणारा हलका बूट तयार केला. आजचे चढाईचे बूट त्याच्याच वंशांतले. १९८० नंतरच्या दशकांत स्पेनमधून अधिक चिकट रबराचा तळ आला, आणि पूर्वीं केवळ नजरेला दिसणाऱ्या पण पायाला न मानवणाऱ्या बारीक उंचवट्यांवर आरोहक उभे राहूं लागले.

दोराचें वरचें टोंक कशाला धरलेलें असावें, या मूळ प्रश्नाला १९१० च्या सुमारास एक नवें उत्तर मिळालें. म्युनिकच्या ऑटो हेर्झोग यानें आगीच्या बंबवाल्यांच्या पट्ट्याला असलेली, स्प्रिंगच्या झडपेची कडी पाहिली, आणि ती कड्यावर आणली. हाच कॅराबिनर. त्याच काळांत टिरोलच्या हान्स फिख्टल यानें डोक्याशींच भोंक असलेला एकसंध खिळा बनविला. फटींत खिळा ठोकावा, त्याच्या भोंकांत कडी अडकवावी आणि कडींतून दोर घालावा, म्हणजे पुढें चढणारा पडला तरी तो खिळा त्याला धरून ठेवील, अशी ही योजना. यामुळें ज्या कड्यांकडे कोणी पाहतहि नव्हतें ते साध्य झाले.

परंतु ही सोय सर्वांना मानवली नाहीं. पाउल प्रॉइस या ऑस्ट्रियन आरोहकानें १९११ सालीं एक निबंध लिहून मोठा वाद माजविला. खिळा हा संकटसमयींचा आधार आहे, त्यावर चढाईची पद्धत उभारूं नये; आरोहकाची योग्यता कड्याच्या अवघडपणाच्या बरोबरीची असून भागत नाहीं, ती त्याहून जास्त असली पाहिजे; आणि ज्या वाटेनें विनादोर उतरतां येत नाहीं ती वाट चढूं नये, अशा आशयाचें त्याचें मत होतें. टिटा पियाझ, हान्स डुल्फर यांसारख्या मातबर आरोहकांनीं त्याला विरोध केला. ३ ऑक्टोबर १९१३ रोजीं एकट्यानें चढत असतां प्रॉइस कड्यावरून पडून मृत्यु पावला. त्या वेळीं तो सत्तावीस वर्षांचा होता. त्याच्या मृत्यूनें त्याचें मत खोटें ठरलें असें कांहींजण म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. दोर न वापरण्याचा त्याचा हट्ट नवशिक्यानें मुळींच अनुसरूं नये. पण साधन वाढलें म्हणून अंगचें सामर्थ्य वाढलें असें समजूं नये, हा त्याचा सांगावा शंभराहून अधिक वर्षांनंतरहि तितकाच खरा आहे.

इतकें होऊनहि 'पुढच्यानें पडतां कामा नये' हाच त्या काळीं पहिला नियम होता. त्याचें कारण दोरांत होतें. वाखाचा दोर फारसा ताणत नाहीं. शेवटच्या आधारापासून दहा फूट वर गेलेला माणूस पडला तर तो दहा फूट नव्हे, वीस फूट खालीं येतो. आणि तेवढा वेग न ताणणाऱ्या दोरानें एका क्षणांत थांबविला तर एक तर दोर तुटतो किंवा माणसाच्या कमरेचे हाल होतात. कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील रिचर्ड लेनर्ड व त्याच्या मित्रांनीं १९३० नंतरच्या वर्षांत या प्रश्नाचा सरावानें उलगडा केला. गांवाजवळच्या लहान खडकांवर ते मुद्दाम उड्या घेत, आणि खालीं दोर धरणारा गडी तो एकदम न आवळतां थोडाथोडा सरकूं देऊन धक्का जिरवीत असे. हें तंत्र साधल्यावर १९३४ सालीं त्यांनीं योसेमिटीमधील हायर कॅथीड्रल स्पायर हा सुळका सर केला. पडण्याचीहि तालीम करावी लागते, हें त्यांनीं जगाला शिकविलें.

नंतर दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन पहाडी पलटणींसाठीं नायलॉनचे दोर निघाले. नायलॉन ताणतें, आणि ताणतां ताणतां धक्का स्वतः पचवितें. १९५३ सालीं जर्मनींतील एडेलरीड कारखान्यानें आंत समांतर धाग्यांचा गाभा व वर विणलेलें कवच अशा रचनेचा दोर काढला. हल्लींचे सर्व चढाईचे दोर याच जातीचे आहेत. १९३२ सालीं शामोनी येथें स्थापन झालेल्या गिर्यारोहण-संघांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें, ज्याला युआयएए म्हणतात, १९६० च्या सुमारास दोरांची कसोटी ठरवून दिली. एकेरी वापरावयाच्या दोराला ८० किलोग्रॅम वजन बांधून तें अतिशय कडक रीतीनें पाडतात. निदान ५ वेळां दोर तुटतां कामा नये, आणि पहिल्या धक्क्याचा जोर सुमारें १,२०० किलोग्रॅम भारापेक्षां अधिक होतां कामा नये. १८६४ च्या समितीनें वजनें सोडून जें पाहिलें, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ति होय.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. हार्डवेअरच्या दुकानांत मिळणारा जाड, चकचकीत नायलॉनचा दोर पाहून पुष्कळांस वाटतें कीं हा तर हत्तीहि तोलून धरील, मग तिप्पट किंमत कां द्या? हत्ती तोलणें आणि पडणारा माणूस झेलणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जो दोर योग्य तेवढा ताणत नाहीं, तो स्वतः शाबूत राहील आणि माणसाला मोडील. गुहांत किंवा दरींत उतरण्यासाठीं मुद्दाम न ताणणारे दोर करतात. तेहि पुढच्या आरोहकाच्या कामाचे नाहींत.

कमरेचा पट्टाहि असाच अनुभवांतून आला. दोर नुसता कमरेला बांधून लोंबकळणारा माणूस थोड्याच मिनिटांत गुदमरूं लागतो. १९७० सालीं अन्नपूर्णेच्या दक्षिण कड्यावर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेसाठीं डॉन व्हिलन्स यानें बसका हार्नेस आंखला. शरीराचा भार कमरेवरून मांड्यांवर नेणारी ही कल्पना पुढें सर्वत्र रूढ झाली. हेल्मेटबद्दल इतकेंच सांगतों कीं, आपला सह्याद्रि हा लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. थरांच्या मधल्या गवताळ बाकांवर सुटे दगड पडून असतात, आणि ते खालीं येण्यास वरच्या गड्याचा पाय किंवा एखादें वानरहि पुरें होतें.

राहतां राहिल्या पाचरी. इंग्रज आरोहक पूर्वीं खिशांत गोटे नेऊन ते फटींत अडकवीत व त्यांभोंवतीं दोरी ओंवीत. वेल्समध्यें स्नोडन पर्वताच्या आगगाडीच्या रुळांजवळ पडलेले पोलादी नट उचलून, त्यांतून दोरी घालून तेच फटींत बसविण्याची युक्ति १९५० नंतर प्रचारांत आली. १९६१ सालीं जॉन ब्रेल्सफर्ड यानें खास या कामाकरितां पाचर बनविली. इकडे अमेरिकेंत पोलादी खिळे पुन्हांपुन्हां ठोकून व उपटून योसेमिटीच्या फटी फुटूं लागल्या होत्या. ते खिळे घडविणाऱ्यांत इव्हॉन शुइनार्ड हा अग्रेसर होता. १९७२ सालीं त्यानें आपल्याच मालाच्या सूचीपत्रांत, खिळे ठोकूं नका, पाचरी वापरा, असा उपदेश छापला. ज्या वस्तूवर आपली चूल पेटते तिच्याविरुद्ध दुकानदारानें बोलावें, हें व्यापाराच्या इतिहासांत वारंवार दिसत नाहीं. कातळ हाहि आपणांस पुढच्यांच्या हवालीं करावयाचा आहे, ही जाणीव येथून पसरली.

आपल्या देशांत १९५४ सालीं दार्जिलिंगला गिर्यारोहणाची शाळा निघाली, आणि त्याच सालीं मुंबईंत गिरिविहार ही संस्था सुरू झाली. तिनेंच पुढें २०१६ सालीं नवी मुंबईंत चढाईची जागतिक स्पर्धा भरविली. तेव्हां शिकविणारें कोणी नाहीं, ही सबब आतां उरलेली नाहीं.

हें सर्व ऐकून भाच्यानें कागद पुन्हां उघडला आणि स्वतःच क्रम लावला. प्रथम कांहींच न घेतां एखाद्या जाणत्या संस्थेंत नांव घालावें व तिच्या साहित्यावर शिकावें. पहिली खरेदी बुटांची करावी. ते पायांत घालून पाहावे, बोटें आंत हलूं नयेत, पण असह्य कळहि येऊं नये. त्यामागून हेल्मेट, मग हार्नेस, आणि एक झडपेला पेंच असलेला कॅराबिनर दोर धरावयाच्या साधनासह घ्यावा. दोर त्यानंतर, तोहि कसोटीची खूण पाहून, नवा. पाचरी कशा बसतात हें दोन हंगाम दुसऱ्याच्या मागून चढून पाहिल्यावर त्यांचा विचार करावा. खिळे त्यानें यादींतून खोडलेच.

जातां जातां तो म्हणाला, "मामा, तुमचा तो दोर माळ्यावर पडून आहे. तोच मला द्या ना. तेवढेच पैसे वांचतील." तो दोर मीं सोळा वर्षांपूर्वीं घेतलेला होता. दिसावयास अजून नव्यासारखा. पण नायलॉन न वापरतांहि जुनें होतें; दहा वर्षांवर दोर ठेवूं नये असें बनविणारे स्वतःच सांगतात. वरून ज्याचें तेज गेलेलें नाहीं असा म्हातारा दोर हाच सर्वांत फसवा. मला मॅटरहॉर्नवरचा तिसरा दोर आठवला. मीं माळ्यावरून तें वेटोळें काढलें, स्वयंपाकघरांतून सुरी आणली, आणि त्याच्यासमोर त्या दोराचे तुकडे केले.

सिंहगडावर परतीचे दोर कापले ते मावळ्यांनीं मागें फिरूं नये म्हणून, असें सांगतात. मीं कापला तो पोरानें सुखरूप परत यावें म्हणून. त्यांतील दोन तुकड्यांवर सध्यां माझी बहीण कपडे वाळत घालते, आणि आतां ती भाच्याशीं बोलूंहि लागली आहे.